टोपी आधी

हरिश्चंद्राने नवा सदरा पुढे धरला तेव्हा गुरुदास पडवीच्या खांबाला टेकून उघडाबंब उभा होता. त्याने सदऱ्याकडे पाहिले, बापाकडे पाहिलेच नाही आणि मान फिरवली.

सात वर्षांचा गुरू बोलायचा थोडे, तेही आईशी. आई सुभद्रा भावाच्या लग्नात करवली म्हणून आदल्या दिवशीच माहेरी, कट्टा गावी गेली होती. हरिश्चंद्र मुंबईला कारकून. वर्षातून एकदा घरी आला की पोराला तो पाहुणाच वाटे. या खेपेला तरी पोराने आपल्याशी एखादा शब्द बोलावा, एवढीच त्याची इच्छा होती. कपडे घालण्याबद्दल सुभद्रा काही सांगू लागली, तर ‘त्यात काय शिकूचा आसा?’ म्हणून त्याने तिला पुरते बोलूही दिले नव्हते.

एस.टी. यायची वेळ झाली. हरिश्चंद्राने गोड बोलून पाहिले, नारळाची वडी दाखवली, शेवटी पोराचा हात धरून बाहीत कोंबू लागला. गुरूने असा सूर लावला की शेजारची आनंदीकाकी धावत आली.

“हरी, गाऱ्हाणा घातलंस?”

“मी कपडे घालतंय, काकी. गाऱ्हाणा कसला?”

“दोनय घालूचे लागतत.”

मग काकीने उलगडा केला. देवळात गाऱ्हाणे, म्हणजे देवाकडचे मागणे, सुरू झाले की गुरू खुशीने डोलायचा. म्हणून सुभद्रेने ते घरी आणले. प्रत्येक कपड्याला एक गाऱ्हाणे, ऐकणाऱ्याने ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचे, मगच कपडा अंगात. सुरुवात टोपीपासून.

“टोपी आधी?”

“पाऊस वयरसूनच येता मा?”

हरिश्चंद्राने टोपी उचलली आणि साहेबापुढे बोलावे तसा तो पुटपुटला, “हे देवा महाराजा, ही टोपी नीट बसू दे.” काकीने ‘व्हय म्हाराजा’ म्हटले, पण गुरूने टोपी काढून खाली ठेवली.

“ती हापिसातली भाषा,” काकी म्हणाली. “त्येका आपला गाऱ्हाणा व्हया.”

हरिश्चंद्राने घसा खाकरला आणि लेकासाठी मागणे घातले. “बा देवा म्हाराजा, ही टोपी झिलाच्या टकलेर बरी बसांदे रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

टोपी बसली. सदऱ्याची एक बाही झाली, तोच एस.टी. घरापुढच्या खळ्यासमोर येऊन थांबली आणि ड्रायव्हरने भोंगा वाजवला. गुरूने कान झाकले, सदरा भिरकावला, टोपीही भिरकावली. पुन्हा पहिल्यापासून.

कंडक्टर धोंडू गावचाच. अर्धी गाडी लग्नाचीच होती, मुहूर्त तोंडावर आलेला. काय झाले ते बघायला तो उतरला आणि काकीच्या सांगण्यावरून त्याने इंजिनही बंद करायला लावले. त्या शांततेत हरिश्चंद्राचे गाऱ्हाणे थेट गाडीत ऐकू गेले. आता आमच्याकडच्या माणसाच्या कानावर ‘रे म्हाराजा’ पडले की त्याला गप्प राहता येत नाही. सगळी गाडी एकदम म्हणाली, “व्हय म्हाराजा.”

गुरूचा हात आपणहून बाहीत गेला.

मग माणसांना चेव आला. एकेका बटणाला खिडकीतून कोणीतरी आपलेही गाऱ्हाणे जोडू लागला. कोणाला गाय मिळायला हवी होती, कोणाला जावई. चड्डीच्या वेळी धोंडूने मागच्या चाकातली हवा कट्ट्यापर्यंत टिकू दे म्हणून मागून घेतले. ती टिकली.

मांडवात पोचले तेव्हा नवरदेव लवू अंतरपाटामागे उभा होता आणि भटजींनी मंगलाष्टकाला सुरुवात केली होती. सासऱ्यांनी खुणेने जावयाला कोट घालायला सांगितले. हरिश्चंद्राने घाईघाईत एक हात घातला, दुसरा पाठीमागे बाही शोधत राहिला. समोर गुरू उभा होता. तो पहिल्यांदाच बापाकडे नीट पाहत होता.

“टोपी आधी,” गुरू म्हणाला.

हरिश्चंद्राने कोट उतरवला. खिशातली टोपी काढली, पोरासमोर उकिडवा बसला आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असे म्हणाला, “बा देवा म्हाराजा, ही टोपी माझ्या टकलेर बरी बसांदे रे म्हाराजा.”

भटजी अर्ध्या ओळीवर थांबले. अंतरपाटामागून सगळ्यांच्या आधी लवूचा आवाज आला, “व्हय म्हाराजा.”