गंधाली गेली!

पोरीले एकटीनं झोपायले शिकवणं म्हणजे काय असं मोठं काम आहे? मी छाती ठोकून बायकोले सांगितलं, "गंधाली, हे माझ्यावर सोड!"

आमची स्वरदा आठ महिन्यांची. झोप म्हटली की तिले आईचा खांदाच पाहिजे. इकडे गंधालीची रजा संपून राहिली होती. सोमवारी नवा रायपुरले ऑफिसात हजर व्हायचं. पोट्टी झोपली नाही, तर नोकरी सोडायची. हे सांगताना तिचा चेहरा पाहवत नव्हता.

शनिवारी मी तिले जबरदस्तीनं अभनपुरले तिच्या बहिणीकडे धाडलं. सारखी विचारत बसेल म्हणून फोनही ठेवून घेतला. दुपारी स्वरदाले पाळण्यात टाकलं अन् दाराशी बसलो. तिनं जे भोकाड पसरलं! मी आपला समजावून राहिलो, "आई गेली, बाळा. आता एकटीनंच झोपायची सवय कर."

खिडकीत शेजारच्या विजयाकाकू उभ्या. चेहरा पांढराफटक.

"श्रेयस, गंधाली गेली?"

"हो ना, सकाळीच."

"अशी अचानक?"

"अचानक कशाची! किती दिवसांपासून मीच मागं लागलो होतो."

काकूंनी पदर तोंडाले लावला. "जाताना काही बोलली?"

"म्हणाली, लंगोट वाळले की काढून ठेवजो."

थोड्या वेळात दारात चपलांचा ढीग! आमचा अख्खा मोहल्ला, ब्राह्मणपारा, आत. मले वाटलं, माझा प्रयोग पाहायले आले. ओठांवर बोट ठेवून मी सगळ्यांले बसवलं. श्यामकांतकाकांनी पाठीवर हात ठेवला. "धीर धर, पोट्ट्या."

"धरलाच आहे, काका. पहिले काही दिवस जड जातात म्हणे, मग सवय होते."

समोरचा निरंजन कानाशी लागला. "भैया, कितने बजे निकलना है?"

"निघायचं कशाले? तीच येईल ना संध्याकाळी!"

बिचारा डोळे पुसत मागं सरकला.

मग काकू सुरू झाल्या, हळू, एका सुरात. "फार गुणाची होती हो... कोणाले कधी उलटून बोलली नाही..." 'होती' काहून म्हणून राहिल्या, हे माझ्या डोक्यात शिरलंच नाही. उलट मलेच भरून आलं. इतकी चांगली बायको, अन् मी तिले घराबाहेर काढलं!

पाहतो तर स्वरदा झोपलेली. एकटी! "जमलं!" मी टाळी वाजवून हसलो. कोणीच हसलं नाही. तेव्हा कोपऱ्यातला डबा दिसला. पिठलं-भात! माणूस गेलं की त्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजारी आणतात, तो. म्हणजे हे सगळे गंधालीले रडायले आले!

तोंड उघडणार, तर दारातून आवाज आला, "अगंबाई! इतक्या चपला काहून?"

गंधाली! पोरीशिवाय जीव राहिला नाही, म्हणून लवकर परतली होती. काकूंनी अशी किंकाळी फोडली, की स्वरदा उठली अन् दोघी मिळून रडल्या.

सोमवारी गंधाली "येते" म्हणूनच निघाली, तेही दोनदा. पोरगी आता दुपारी पाळण्यात एकटी झोपते. फक्त काकूंले पदर तोंडाले लावून बसावं लागते. "फार गुणाची होती हो..." ऐकलं, की डोळे मिटते. मी तेव्हाच जेवायले घरी येतो, अन् घास घशाखाली उतरत नाही.

काल तर राहवलंच नाही. रडत रडत तिले फोन लावला. "गंधाली, तू आहेस ना?"

"मीटिंगमध्ये आहे! लंगोट काढले का?"