बाबांची सही

साडेअकरा वाजले तरी बाबा खुर्चीतून उठले नव्हते, हे मला पहिल्यांदा खटकलं.

तुम्ही म्हणाल, निवृत्त माणूस, हातात शब्दकोडं, कशाला उठेल? पण गेलं वर्षभर आमचे बाबा दर पंचवीस मिनिटांनी उठत. आई त्यांच्या फेऱ्यांवर बटाटे उकडायला लावायची. (दोन फेऱ्यांत शिजतात.)

या उठण्याला आमच्या घरात एक शब्द आहे. बाबांनी चौतीस वर्षं कचेरीच्या रेकॉर्ड विभागात काढली, आणि 'लघवी' हा शब्द त्यांनी कधी घरात येऊ दिला नाही. ते म्हणतात, "जरा सही करून येतो." मग आम्हीही तेच म्हणतो. मी पदवीपर्यंत शिकले, पण चारचौघांत तो दुसरा शब्द अजून माझ्या तोंडून निघत नाही.

तर वर्षभर सही धड होत नव्हती. वीस मिनिटं आत, बाहेर येऊन टेकतात न टेकतात तोच परत आत. शेवटी डॉक्टरांनी निदान केलं, प्रोस्टेट ग्रंथी वाढलीय, वयानं वाढतेच. औषधं दोन तऱ्हेची. एक गोळी वाट सैल करते, आठवडाभरात फरक जाणवतो, मात्र उठताना चक्कर येऊ शकते. दुसरी ग्रंथीच लहान करते, पण तिला सहा महिने लागतात.

"सहा महिने?" बाबा म्हणाले. "ही गोळी आमच्याच खात्यातून येते वाटतं."

ग्रंथी बरीच मोठी होती, म्हणून दोन्ही सुरू झाल्या. वर डॉक्टरांनी बजावलं, मला विचारल्याशिवाय सर्दीची गोळी घ्यायची नाही, सगळंच अडकून बसेल. अडकलं तर थांबायचं नाही, नळी घालावी लागते. ('नळी' ऐकल्यापासून मला झोप नाही. बाबा छान घोरतात.)

"बाबा, सही?" मी विचारलं.

"आडवे सात. चार अक्षरी. 'पिच्छा न सोडणारी.'"

"बाबा!"

"ते दोन अक्षरी झालं."

मी धावत जाऊन औषधांचा खण उघडला. सर्दीच्या गोळ्यांची पट्टी. एक घर रिकामं.

"तुम्ही सर्दीची गोळी घेतलीत?"

"काल रात्री. आल्या होत्या तीन."

"तीन गोळ्या?"

"शिंका! गोळी एकच."

मी दवाखान्याला फोन लावला. व्यग्र. पुन्हा लावला. व्यग्र. (शहरातल्या सगळ्या प्रोस्टेटांनी एकाच वेळी फोन केला होता बहुतेक.)

"अगं, ती दुसरी गोळी लागू पडली असेल, म्हणून उठत नसतील," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "तुझं आपलं काहीतरीच."

"आई, त्यांना लागलीय आणि ते सांगत नाहीयेत!"

"मला लागलीय की नाही, हे मलाही विचारा कुणीतरी," बाबा कडाडले.

"लागलीय?"

बाबांनी पेनाला टोपण लावलं. "आठला जाऊन आलो," ते हळूच म्हणाले. "नाही झाली. आता दुखतंय."

आईच्या हातातला चमचा खाली पडला. (मी दचकले. माझं ते नेहमीचंच.)

पाण्याच्या आवाजानं जमतं, असं मी कुठेतरी वाचलं होतं. मी स्वयंपाकघरातला, बेसिनचा, गॅलरीतला, बाथरूममधला, दिसेल तो नळ धो धो सोडला आणि फोन लावत राहिले. व्यग्र. व्यग्र. मग खळखळ हळूहळू थांबली आणि दाराची बेल वाजली. वरचे काका उभे होते, बँकेतून निवृत्त झालेले, डोक्यावर शाम्पूचा फेस.

"टाकी कुणी रिकामी केली?"

"काका, बाबांची सही होत नाहीये!"

काकांचा चेहरा उतरला. "कधीपासून?"

"आठपासून."

"हात कुठला? उजवा?"

"हाताचा काही संबंधच नाही, काका!"

"म्हणजे दोन्ही गेले?" ते मला बाजूला सारून आत घुसले. "आमच्याकडे दोन खातेदारांचं असंच झालं होतं. आधी सही गेली, मग माणूस. भाऊ, हात वर करा. आता हसून दाखवा."

"का हसू?" बाबा हात वर करून म्हणाले.

"बोलणं स्पष्ट आहे," काका आईला म्हणाले, "पण तोंड वाकडं झालंय."

"ते तुम्हाला बघून झालंय!"

आणि संतापाच्या भरात बाबा ताडकन उठले. उठले आणि डोलले. मी किंकाळी फोडली. बाबांनी भिंत धरली.

"सावकाश उठा म्हणून सांगितलं होतं ना!"

"दारातून हटा आधी सगळे! एवढ्या साक्षीदारांपुढे माझ्याच्यानं सही होणार नाही!" भिंतीला धरूनच ते बाथरूममध्ये गेले. कडी लागली.

"पाच मिनिटं," आई म्हणाली. "नाही झाली, तर भावजी, तुमची गाडी काढा." तिनं माझं मनगट धरलं होतं, आणि तिचा हात थंडगार होता.

मी नवव्यांदा फोन लावून स्पीकर चालू केला. या वेळी रिंग गेली. वाजत राहिली. आत काहीच आवाज नाही. काकांच्या कपाळावरून फेस ओघळत होता आणि ते तो पुसतही नव्हते.

आत टप् झालं. मग टप् टप्. मग चांगली धार.

"परत नळ सोडलात?" काका खवळले.

"काका, टाकीत थेंब नाहीये!" मी ओरडले. तेव्हा कुठे माझ्याच डोक्यात प्रकाश पडला.

आई मटकन खाली बसली आणि हसायलाच लागली. नेमका त्याच क्षणी फोन उचलला गेला.

"दवाखाना. बोला."

"झाली!" मी हुंदके देत म्हणाले. "बाबांची सही झाली!"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"बरं. खाली तारीख घालायला सांगा, आणि अजून दोन घ्या. तीन प्रती लागतात."