मास्कपायी गेलेली मिशी

ऑफिसच्या सवलतीत अंदमानला जायचं ठरलं आणि चंद्रहासने त्यात आपल्या मनाचं एक घुसडलं: टाकी पाठीला बांधून समुद्राच्या तळाशी जायचं. तेव्हापासून मनवेलपाड्यातल्या दोन खोल्यांत त्याचा पाय ठरेना. जेवताना मधेच श्वास रोखून धरायचा. (बायकोला, आशालताला वाटायचं, आमटीत काही पडलं.)

सगळं सामान विकत घ्यायचं तर राहती जागा विकावी लागली असती. म्हणून तो अर्नाळ्याला युजीनकडे गेला. युजीन आखातात पाण्याखाली वेल्डिंग करून आलेला.

"टाकी, जाकीट तिथं भाड्यानं मिळतं," युजीन म्हणाला. "मास्क मात्र आपला पायजे. हा माझा जुना बघ."

"पोहायचा गॉगल आहे की माझ्याकडे."

"त्यात नाक बाहेर राहतं ना. खाली पानी दाबतं, डोळे सुजून येतील. हा पट्टा न लावता तोंडाला टेकव, नाकानं श्वास ओढ नि हात सोड. चिकटला तर तुझा."

चंद्रहासने श्वास ओढला, हात सोडला. मास्क मांडीत पडला. पुन्हा ओढला, पुन्हा मांडीत.

"मिशी," युजीन म्हणाला. "तिच्यातून हवा शिरते. पानीपन शिरेल."

रविवारी सकाळी आशालता भाजीला गेली आणि चंद्रहासने कॉलेजपासूनची मिशी उतरवली. तोंड पुसतोय तोच शेजारच्या हंसाकाकू साखरेला वाटी घेऊन दारात. त्यांनी त्याच्या ओठाकडे पाहिलं, कपाळाला हात लावला आणि रिकामी वाटी घेऊन परत गेल्या.

थोड्या वेळाने खालचे रामनाथराव पांढरा सदरा घालून आले आणि हळूच टेकले.

"कधी झालं?"

"आत्ताच, सकाळी."

"फार हाल झाले का?"

"छे हो, आधी गरम पाणी लावलं होतं."

"आम्हाला कळवायचं तरी."

"त्यात काय कळवायचं? माझ्या मनात केव्हापासून होतं."

रामनाथराव खुर्चीसकट मागे सरकले.

तोवर काकूंनी खिचडीचं पातेलं आणलं. (सुतकाच्या घरी चूल कशी पेटणार?) मागून आशालता आली, नवऱ्याचा भुंडा ओठ पाहिला आणि मेथीची जुडी छातीशी धरून मटकन खाली बसली. "मामंजी गेले, आणि मला जिन्यात परक्यांकडून कळतंय."

"अगं, बाबा ठणठणीत आहेत."

"मग मिशी कुठंय?"

इतक्यात तांदळाची गोणी खांद्यावर घेऊन खुद्द बाबा, काशीराम, दारात उभे. ते गावाहून यायचेच होते. त्यांनी गर्दी पाहिली, मुलाचा ओठ पाहिला आणि गोणी खांद्यावरून घसरली. "कोण गेलं रे? तुझ्या आईला तर मी काल धडधाकट सोडून आलो."

आता चंद्रहासला मास्क बाहेर काढावाच लागला. सगळं सांगून झाल्यावर मिशीचं बलिदान वाया गेलं नाही हे दाखवायला त्याने तो सर्वांसमोर तोंडाला लावला, श्वास ओढला, हात सोडला.

मास्क खिचडीत पडला.

"गाल आड येतायत," रामनाथराव म्हणाले.

काशीरामांनी मास्क धुतला आणि आपल्या तोंडाला टेकवला. स्वतःचे वडील गेले तेव्हा उतरवलेली मिशी त्यांनी पुन्हा ठेवलीच नव्हती. मास्क असा बसला की काढायला काकूंना हात लावावा लागला.

"गावात कुणाची कळशी विहिरीत पडली की मलाच बोलावतात," ते म्हणाले. "समुद्रात मी उतरतो. तू होडीत बस. आणि मी वर येईपर्यंत मिशी वाढव, लोकांना उगाच घाई होते."