डॉक्टरांच्या गाडीतली खुडखुड

कानाच्या डॉक्टरांनी रविवारी सकाळी ठरवलं होतं ते एवढंच, की गाडीच्या डॅशबोर्डचा एक स्क्रू जरा आवळायचा. जेवायच्या वेळेला त्यांच्या दोन सीटच्या लाल स्पोर्ट्स कारमधली एक सीट दिवाणखान्यात होती, कप्प्याचं झाकण सोफ्यावर होतं आणि डॉक्टर स्वतः पाय बाहेर सोडून गाडीत पालथे पडले होते.

गाडीनं जरा वेग घेतला की डावीकडून ‘खुड्, खुड्, खर्र’ असं वाजायचं. (गाडी सेकंडहँड होती, पण हे डॉक्टरांसमोर म्हणायची सोय नव्हती.) त्यांनी फटीफटीत स्पंज कोंबला, दारांना तेल पाजलं, सीटबेल्टच्या बकलाला स्वतःचा मोजा घातला. संध्याकाळी सीट परत बसवून एक चक्कर मारली, तर खुडखुड जशीच्या तशी!

तेही एक वेळ सोसलं असतं. पण हा आवाज दुसऱ्या कुणालाच ऐकू येत नव्हता. बायको म्हणाली, “मला नाही बाई येत.” मेकॅनिक म्हणाला, “साहेब, काहीच नाही. गाडी एकदम गप्प.” दवाखान्यातल्या नर्सबाईंना मुद्दाम घरापर्यंत सोडलं, तर त्या सगळा वेळ खिडकीबाहेर बघत बसल्या आणि उतरताना “छान आहे हो गाडी” म्हणून पळाल्या.

नसलेले आवाज ऐकू येणं म्हणजे काय, हे डॉक्टर पेशंटना रोज समजावून सांगत. कानाच्या डॉक्टरचेच कान गेले म्हटल्यावर दवाखान्याची पायरी कोण चढणार? झोप उडाली. स्वतःचे कान तपासायची हिंमत मात्र होईना.

शेवटी त्यांना सासूबाई आठवल्या. त्यांच्या कानामागचं मशीन डॉक्टरांनीच बसवलेलं होतं आणि ‘आईंना आता शेजारच्या घरातली कुजबुजसुद्धा ऐकू येते’ असं ते भेटेल त्याला सांगत. त्यांना शेजारी बसवून डॉक्टरांनी गाडी पळवली. खुड्, खुड्, खर्र.

“आई, काही ऐकू येतंय?”

सासूबाई समोर बघत प्रसन्न हसल्या.

इकडे आड, तिकडे विहीर! आवाज नसेल तर डॉक्टरांचे कान गेलेले, आणि असेल तर त्यांनी बसवलेलं मशीन कुचकामी. त्यांनी गाडी कडेला घेतली आणि घाम पुसत स्वतःच्या कानाकडे बोट दाखवलं.

“हं हं, थांबा,” सासूबाई मशीनचं बटण दाबत म्हणाल्या, “बंद केलं होतं. तो आवाज सहन होईना हो.”

“कुठला आवाज?”

“अहो, तुमच्या गाडीचा! डब्यात खडे भरून हलवावेत तसा.” आणि त्यांनी जीभ चावली. “अगंबाई! ‘नाही येत’ म्हणायचं ठरलं होतं. लेकीनं बजावलंय मला. म्हणाली, हो म्हटलंस तर हे दुसरी सीटही घरात आणतील. त्या मेकॅनिकला आणि नर्सबाईंनाही तिनंच पढवलंय.”

डॉक्टरांना खरं तर राग यायला हवा होता. पण त्यांना इतका आनंद झाला, की सासूबाईंना खुडखुडतच घरी आणून ते थेट स्वयंपाकघरात घुसले.

“अगं, आवाज आहे! माझे कान ठणठणीत आहेत!”

बायकोनं हातातला डाव खाली ठेवला. “नक्की?”

“म्हणजे काय! टाचणी पडली तरी ऐकू येईल.”

“बरं झालं बाई. लग्न झाल्यापासून मला वाटत होतं, तुम्हाला जरा कमीच येतं. नळ गळतोय, माळा आवरा, कपडे आत आणा, सांगून सांगून मी थकायची आणि गप्प बसायची. म्हटलं, कानच अधू, त्याला बिचारा काय करणार! आता माझीही काळजी मिटली. चला, नळापासून सुरुवात करा.”

डॉक्टरांनी सवयीनं वर्तमानपत्र उघडलं आणि त्याच्याआडून विचारलं, “अं? काही म्हणालीस का?”