हजाराव्या बाईंचं मत

विभागातल्या मोठ्या टेबलावर सरांनी फॉर्म मोजले, ते बरोबर हजार भरले. दुसरा कुणी असता तर खूश झाला असता. सरांना मात्र घाम फुटला, कारण ते नऊशे नव्याण्णवच असायला हवे होते.

सर राज्यशास्त्राचे. लोकांना काय वाटतं हे शोधण्यात त्यांची बावीस वर्षं गेली होती. घरात बायकोला काय वाटतं, हे विचारायचं तेवढं राहून गेलं होतं. दरवर्षी त्याच हजार माणसांकडून तेच फॉर्म भरून घ्यायचे, ही त्यांची गाजलेली पाहणी. पण पहिल्याच वर्षी एक माणूस कमी पडलं. हजार म्हटलं की कसं वजन येतं, म्हणून सरांनी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून एक बाई तयार केली. वय पन्नास, शिवणकाम, एकटी, पाण्याच्या टाकीमागची गल्ली, घर नंबर एक्केचाळीस. गल्लीत घरं चाळीसच होती. निष्कर्षांना धक्का नको म्हणून त्यांनी प्रत्येक प्रश्नापुढे ‘सांगता येत नाही’वर खूण केली, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून फॉर्म डाव्या हातानं भरला. एक खोटं पचवायला पुढची दहा लागतात. बाई दरवर्षी भराव्या लागल्या. यंदा मात्र सर न्हाणीघरात घसरले, डावं मनगट मुरगळलं आणि बाई राहून गेल्या.

तरी फॉर्म आला होता. तेच डावरं, कलंडलेलं अक्षर. फक्त ‘सांगता येत नाही’ कुठेच नव्हतं. प्रत्येक प्रश्नावर ठाम मत, आणि ते समासातून उतू चाललेलं.

फॉर्म गोळा करणाऱ्या ताईंना त्यांनी विचारलं, तर त्या सहज म्हणाल्या, “घरी होत्या की. खूप बोलल्या. तुमची चौकशी करत होत्या.”

दुसऱ्या दिवशी प्राध्यापकपदाची मुलाखत होती, तीही तिसऱ्यांदा. समितीपुढे हीच पाहणी ठेवायची होती. कुणीतरी आपली टिंगल करतंय आणि उद्या बिंग फुटणार, या धास्तीनं सर भर दुपारी त्या गल्लीत गेले. चाळीसाव्या घरानंतर नुसती भिंत होती, हे त्यांना पक्कं आठवत होतं. आता तिथे दार होतं. आत शिलाई मशीन चालू होतं, आणि सरांनी कडीला हात लावण्याआधीच ते थांबलं.

“या सर. मनगट कसं आहे?”

बाई बहात्तर वर्षांच्या होत्या, म्हणजे हिशेब चोख होता. चेहरा मात्र सरांच्या नजरेत ठरेना. कितीही पाहिलं तरी पापणी लवली की तो विसरला जाई. मग त्यांच्या लक्षात आलं, चेहरा त्यांनी कधी लिहिलाच नव्हता. ते मिळेल त्या स्टुलावर बसले.

“बावीस वर्षं,” बाई म्हणाल्या, “दुकानदार विचारायचा, दोरा कुठला देऊ? सांगता येत नाही. शेजारीण विचारायची, जेवलात का? सांगता येत नाही. दुसरं तोंडातून निघेचना. यंदा कुठे वाचा फुटली.”

सरांनी माफी मागितली. बाईंनी ऐकून घेतलं, मशीनच्या खणातून एक कोरा फॉर्म काढला आणि वर सरांचं नाव घातलं. मग डाव्या हातानं एकेक खूण करत सुटल्या.

“अहो, मला विचारा तरी,” सर म्हणाले.

“तुम्ही विचारलं होतं?” बाई शांतपणे म्हणाल्या.

मुलाखतीत अध्यक्षांनी पहिलाच प्रश्न टाकला, की जनमत असं खरोखर काही असतं का? महिनाभर घोकलेलं उत्तर सरांच्या ओठांवर होतं. तोंडातून निघालं, “सांगता येत नाही.” पुढच्या अकरा प्रश्नांनाही तेच. सगळं संपलं, असं सरांना वाटलं. पण समिती एकमेकांकडे बघून मान डोलावू लागली. इतका सच्चा, इतका नम्र विद्वान आपण पाहिला नाही, असं अध्यक्षांनी सगळ्यांसमोर बोलून दाखवलं, आणि पद सरांना मिळालं.

घरी बायकोनं नेमणुकीचं पत्र दोनदा वाचलं. तिचे डोळे भरून आले.

“एवढी वर्षं वाट पाहिलीत,” ती म्हणाली. “झालात ना खूश?”

सरांना तिला मिठी मारून हो म्हणायचं होतं.

“सांगता येत नाही,” ते म्हणाले.

तिनं पत्र घडी करून ठेवलं आणि ती आत गेली. पुढचे फॉर्म भरायला अजून अकरा महिने होते.