छतातून बरसणारी ऊब

दामूअण्णांच्या लॉरीत बसलं की टाळू भाजते आणि पाय गारठतात. साऱ्या जगात शेकोटी खाली असते. या एका गाडीत ती छताला टांगलेली. माघात त्यांच्या शेजारी बसून सारनाथला जाऊन आलो, तर माझी शेंडी कुरळी झाली होती. खोटं वाटेल त्याने माझ्या न्हाव्याला विचारावं.

आमच्या दुर्गाघाटच्या गल्लीत दोन बैल समोरासमोर आले तर एकाला उलट्या पावली घरी जावं लागतं. म्हणून ही मागून उघडी, छोटी लॉरी मैदागिनच्या रस्त्यावर उभी असे. एका गोऱ्या ठेकेदाराने विलायतेला परतताना विकलेली. सात पिढ्यांच्या वैदिक घराण्यातले अण्णा तिच्यातून पितळेची भांडी वाहत आणि भेटेल त्याला तिची ऊब समजावत.

"सीधी बात है. इंजिन तापतं. ते जळू नये म्हणून त्याच्याभोवती पाणी फिरतं, आणि ते कढत पाणी पुढच्या जाळीत जाऊन निवतं. म्हणजे ऊब रस्त्यावर फुकट. मी त्या पाण्याला एक नळी फोडली, आत आणली. तांबटाकडून तांब्याचं वेटोळं करवलं, मागे पंखा लावला. पाणी वेटोळ्यातून फिरून परत इंजिनात, वारा तांब्याला चाटून आपल्या अंगावर. उन्हाळ्यात तोटी बंद."

"पण छतात का, अण्णा?"

यावर ते तोटी पुसत बसत. खरं कारण मला त्यांच्या बहिणीने सांगितलं.

त्यांच्या आईचा नेम होता: माघभर पहाटे अस्सी घाटावर गंगेत स्नान, आणि घरी पूजा होईपर्यंत ओल्या लुगड्यातच राहायचं, कुणी शिवायचं नाही. सत्तरी उलटली, छातीत खोकला बसला. वैद्य म्हणाले, अस्सीहून ओलेत्याने उघड्या नावेतून घरी येणं असंच चाललं तर पुढचा माघ दिसायचा नाही. नेम काही सुटेना. तेव्हा अण्णांनी हे वेटोळं केलं, आधी पायाशीच.

स्नान आटोपून आई स्वतःचा पाट घेऊन गाडीत बसली. "विटाळ नाही ना रे?"

"ऊब कुणाला शिवत नाही, आई. सीधी बात है. आणि आत पाणीसुद्धा गंगेचंच भरलंय."

म्हातारी पाटासकट खाली उतरली. "गंगा माझ्या पायाशी खेळवतोस, दाम्या?" आणि खोकत खोकत नावेकडे चालू लागली.

दुसऱ्या कुणी विहिरीचं पाणी भरलं असतं. अण्णांनी दिवसभर खपून वेटोळं छताला टांगलं. "शंकराने डोक्यावर घेतली, तशी तूही घे."

ती बसली. त्यानंतर चार माघ बसली.

ती गेल्यालाही आता दोन वर्षं झाली. परवा सकाळी अस्सीवर अण्णा गाडीत एकटेच दिसले. स्टीअरिंगच्या चाकावरची बोटं थंडीने आखडलेली, आणि पंख्याचं तोंड शेजारच्या रिकाम्या जागेकडे.

"अण्णा, पंखा जरा स्वतःकडे वळवा की."

"हो, वळवतो," ते म्हणाले, आणि तोटी आणखी थोडी उघडली.

पंखा तसाच राहिला. शेजारच्या जागेवर पाट होता, नुकताच धुतलेला.