सुभेदारांचं आत्मचरित्र

सुभेदार लालासाहेबांना पंच्याहत्तरावं लागलं आणि त्यांनी घरात फर्मान काढलं, की आपलं आत्मचरित्र छापून निघालंच पाहिजे. आटपाडीकडच्या त्या गावात घरटी एक फौजी होता. पण पुस्तक एकाचंही नव्हतं. प्रकाशनाची तारीख ठरली, चौकात फ्लेक्स लागला आणि मग सगळ्यांना मजकुराची आठवण झाली.

सांगलीत नोकरी करणाऱ्या नातीने, राजनंदिनीने, रेकॉर्डिंगसाठी आपला जुना मोबाइल आणून दिला. "आबा, रोज सकाळी तासभर बोला. बाकीचं मी बघते."

मोबाइल इतका म्हातारा, की चार्जर काढला की मान टाकायचा. धड चालणारा प्लग घरात एकच, तोही स्वयंपाकघरात. आणि लालासाहेबांना बसून बोलणं ठाऊक नव्हतं. ते अंगणात कदमताल करत बोलू लागले.

"आवं, फोन हितं आत हाय," त्यांच्या पत्नी शालूबाई म्हणाल्या.

"माझा आवाज बटालियनभर जायचा. सैपाकघराचं काय घेऊन बसलीस!"

महिनाभर हेच चाललं. फोनशेजारी शालूबाई भाकरी थापायच्या आणि शेजारच्या अंबूबाई त्यांच्याकडून जुन्या गोष्टी काढून घ्यायच्या. राजनंदिनीने रेकॉर्डिंग न ऐकताच कुपवाडच्या फरदीनकडे पाठवलं. टायपिंग आणि छपाई दोन्ही त्याच्याकडेच. मुखपृष्ठ आधीच छापून झालं होतं: गणवेश, मिशा, मेडलं. आत त्याला जे स्पष्ट ऐकू आलं, ते त्याने इमानेइतबारे उतरवलं. पुस्तकं पोचली ती थेट समारंभाच्या दिवशी.

मंडप माजी सैनिकांनी भरला होता. सरपंच भाऊसोंनी मधलंच पान उघडून खड्या आवाजात वाचलं, "माझं पहिलं बाळंतपण माहेरी झालं..."

पुढच्या रांगेतले हवालदार बुटांकडे बघू लागले. लालासाहेबांच्या मिशा थरथरल्या. राजनंदिनी धावली, "सरपंच, बंद करा ते!"

"बंद का म्हनून?" मागून अंबूबाई कडाडल्या. "वाचा की पुढं!"

भाऊसो बिचारे वाचत सुटले. "बाहत्तरच्या दुष्काळात मालक बॉर्डरवर. पोरगं पाठीला बांधून मी हिरीतला गाळ उपसला. पत्रात लिवलं, हितं समदं ठीक हाय. त्यांचं ध्यान तिकडं ऱ्हायला पायजे."

लालासाहेब उठले.

"ते पत्र मी आजून जपलंय," ते म्हणाले. "वाचून त्या राती ढाराढूर झोपलो व्हतो, गड्यांनो! पुस्तकात चूक न्हाई. वरचा फोटू तेवढा चुकलाय."

त्यांनी सत्काराची शाल स्वतःच्या खांद्यावरून काढली आणि शालूबाईंच्या अंगावर घातली. टाळ्या थांबेनात.

मग सहीसाठी शालूबाईंपुढे झुंबड उडाली. लालासाहेबांनी लगेच ताबा घेतला. "लाइनीत! मधी घुसायचं न्हाई! सरपंच, तुमीबी मागं!" सगळी रांग सरळ झाल्यावर ते स्वतः शेवटी जाऊन उभे राहिले.

त्यांचा नंबर आला. शालूबाईंनी मान वर न करता सही केली आणि वर दोन ओळी लिहिल्या.

"सुभेदारसाहेबांस. नीट वाचा. रविवारी तोंडी परीक्षा हाय."